आषाढातला शनिवार, तळ्याच्या बांधावर

पहाटे ४.३०

आषाढ लागला की माझी झोप उथळ होते. गेले चार दिवस ऊन नाही. ढग गंडीपेटच्या बाजूने येतात आणि न बरसता डोक्यावर बसून राहतात. अशा दिवसांनंतरची पहाट तळ्याला फार जड जाते. म्हणून आधी तळं, मग चहा.

आमचं तळं हैदराबादहून चेवेळ्ळाला जाणाऱ्या रस्त्यावर, रिंग रोड ओलांडल्यावर थोडं आत आहे. तीन एकर पाणी, मधोमध आठ फूट, कडेला चार. लोक इथे गळ टाकून मासा धरायला येतात आणि धरलेला मासा परत पाण्यात सोडून जातात. आम्ही मासे विकत नाही. बसायला सावली आणि पाण्यात निरोगी, दमदार मासा, एवढं आम्ही देतो. यातली सावली झाडं देतात. मासा निरोगी ठेवणं मात्र रोजचं काम आहे, आणि ते माशापासून सुरूच होत नाही, पाण्यापासून होतं.

काचेची छोटी बाटली पाण्याखाली हातभर नेऊन भरायची आणि तिथेच बूच लावायचं, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग दोन औषधांचे थेंब. क्षणात बाटलीत साका धरतो आणि हळूहळू खाली बसतो. साका काळपट तपकिरी आला तर प्राणवायू भरपूर. पांढराच राहिला तर पाण्यात प्राणवायू उरलेलाच नाही. आज आला तो फिकट, पातळ चहासारखा. पुढे आम्ल, स्टार्च, आणि निळा रंग उडेपर्यंत मोजून एकेक थेंब. लिटरला ३.१ मिलिग्रॅम. पाचच्या वर असलं की मी निश्चिंत असतो. तीनच्या खाली गेलं की मासे वर येऊन तोंडं उघडतात.

बॅटरी फिरवली. उत्तरेच्या कोपऱ्यात दोन मोठे कटले पाण्याच्या पापुद्र्याशी लागून होते, कल्ले भराभर हलत होते. प्राणवायू कमी पडला की पहिला फटका मोठ्या माशाला बसतो. दोन्ही एरेटर चालू केले. चाकांनी पाणी उडवायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत कटले त्या प्रवाहाकडे सरकले.

पाहुणे मला विचारतात, तळ्यात इतकी हिरवळ असताना प्राणवायू कमी कसा पडतो? ती हिरवळ म्हणजे डोळ्यांना सुटं न दिसणारं शेवाळ. दिवसा उन्हात ते प्राणवायू तयार करतं आणि रात्री तेच शेवाळ, मासे, तळाचा गाळ, सगळे मिळून तो वापरतात. सूर्योदयाआधीचा तास म्हणजे रिकाम्या होत आलेल्या रांजणाचा तळ. चार दिवस ढगाळ गेले की रांजण भरलेलाच नसतो.

सकाळी ६

उजाडलं तसा बांधावरून एक फेरा. सोबत आमचे अण्णा. ते मुदिराज समाजातले, वडिलोपार्जित मासेमार. वय साठीच्या पुढे, मला ‘सार’ म्हणतात. मी त्यांना गुरू मानतो, हे त्यांना ठाऊक आहे. गावात पूर्वी तलावाचं तूम उघडणारा, पाणी वाटणारा नीरटी असायचा. अण्णांचा बांधावरचा फेरा तसाच असतो, घाई नाही आणि एकही भोक नजरेतून सुटत नाही. तूम म्हणजे मोरी, अलुगु म्हणजे जादा पाणी जाण्याचा सांडवा. हे दोन तेलुगू शब्द आमच्या मराठीत आता इतके मुरलेत की घरीही तेच तोंडात येतात.

अलुगूची जाळी हाताने चाचपली. पावसाळ्यात जाळी तुंबली की पाणी बांधावरून जातं, आणि मासा त्याच्यासोबत निघून जातो. काडीकचरा काढला. मग हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. कोपर बुडताना तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ बेताचं. आधीच दिसेनासा झाला तर दाट, म्हणजे धोका. आज मनगटाच्या वर चार बोटांवरच तळवा हरवला. पाणी दाट आहे. शेणखत या महिन्यात बंद, असं वहीत लिहिलं.

पश्चिमेच्या लव्हाळ्याशी अण्णांनी हाताने थांबायची खूण केली. पाण्यावर तांबूस-केशरी ठिपक्यांचा एक गोळा फिरत होता, ताटाएवढा. मरळीची पिल्लं. गोळा एकदम खाली जायचा, परत वर यायचा, आणि त्याच्याखाली आईबापांच्या काळपट सावल्या. तेलुगूत हिला कोर्रमीनु म्हणतात, तेलंगणाचा हा राज्यमासा. हवेतूनही श्वास घेते, म्हणून पहाटेच्या टंचाईचं तिला काही वाटत नाही. मृगाच्या दिवशी नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर बत्तिनी कुटुंब दम्यासाठी देतं ते औषध जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात भरून गिळायचं असतं. त्या दिवशी अख्ख्या शहरात मासे खातात. आमच्या घरीही खातात. मराठवाड्यातून इथे येऊन तीन पिढ्या झाल्या, मृग आता असाच साजरा होतो.

मरळ ही शिकारी जात. बोटभर मासा सहज गिळते. काही तळेवाले तिला दिसेल तिथे काढतात. मी राहू देतो, कारण तळ्यात नकोशा झालेल्या चिलापीची पिल्लं तिच्याइतकं नेमाने कुणी खात नाही. मात्र ती राहू द्यायची तर नवे मासे तिच्या तोंडात न मावणारे आणावे लागतात. आजची गाडी त्यासाठीच येते आहे.

सकाळी ७.१५

टेंपो आला. मागे दोन टाक्या, प्राणवायूचा सिलिंडर, नळ्या. आत चारशे मासे, वर्षभराचे, एकेक वीतभर. रोहू १८०, कटला १२०, मृगळ १००.

दरवर्षी मासे का आणावे लागतात, आपल्या तळ्यात वीण होत नाही का? रोहू, कटला, मृगळ हे मुळात नदीचे मासे. पावसाळ्यात पूर चढतो, वाहतं पाणी अंगाला लागतं, तेव्हा त्यांची वीण होते. साठवलेल्या पाण्यात मादी अंड्यांनी भरते पण अंडी घालत नाही. पूर्वी सगळं बीज नदीतून गोळा करून आणायचे, त्यात काय काय मिसळून येईल याचा नेम नसायचा. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुळ इथे हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण करून दाखवली. तो दिवस आता देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज टाकीत फिरणारा प्रत्येक रोहू त्या सुईचा वंशज आहे. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे नाव आदराने घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पीव्हीएनआर एक्स्प्रेसवेच्या कडेला राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची माशाच्या आकाराची इमारत आहे. लोक तिचे फोटो काढतात. त्यांच्यातल्या एखाद्या मुलाला कुणीतरी अंगुळची गोष्ट सांगायला हवी.

टाकी उघडल्यावर मी आधी वास घेतो, मग पाणी बघतो. मासे आदल्या दिवशी उपाशी ठेवलेले असतील तर पाणी स्वच्छ असतं, नसतील तर गढूळ आणि फेसाळ. आज पाणी स्वच्छ होतं. मग हातजाळ्याने दहा-बारा मासे ओल्या परातीत. खवले उडालेले नाहीत ना, शेपटी झिजलेली नाही ना, कल्ल्यांचा रंग तांबडा आहे ना. आणि मुख्य म्हणजे परका कुणी नाही ना.

परक्यावर माझी नजर असते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून आलेल्या बोटुकलीत पाच-सहा चिलापी मिसळून आल्या होत्या. इथे तिला जिलेबी म्हणतात. मी बघितलं, ‘पाच-सहा तर आहेत’ म्हटलं, आणि सोडल्या. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, आणि तिला पुराची गरज नसते. दोन पावसाळ्यांत कडेचं सगळं पाणी तळहाताएवढ्या चिलापींनी भरून गेलं. रोहूच्या गळाला आधी त्याच लागायच्या. त्या काढायला आम्ही तीन उन्हाळे जाळं ओढलं आणि तरीही त्या संपल्या नाहीत. म्हणून आता पाठीवर सलग काटेरी पर दिसला की तो मासा वेगळ्या बादलीत जातो. आज एकही नाही.

पुढचं काम हळूहळू करायचं असतं. टाकीतलं पाणी तळ्यापेक्षा थंड होतं, तापमापीवर अडीच अंशांचा फरक. तळ्याचं पाणी बादलीबादलीने टाकीत ओतत राहिलो, वीस मिनिटं. मग शंभर लिटर पाण्यात दोन किलो मीठ घातलेल्या टबात थोडे थोडे मासे. मासा अस्वस्थ होऊन कलायला लागला की लगेच बाहेर. अंगावर चिकटून आलेले बरेचसे परजीवी मिठाने गळतात. शेवटी टब कडेला नेऊन तिरका करायचा आणि थांबायचं. मासा उचलून फेकायचा नाही. त्याने स्वतः पोहत जायचं. पहिला रोहू टबाच्या काठाशी घुटमळला, एकदा मागे आला, मग वळला आणि गढूळ हिरव्यात दिसेनासा झाला. बाकीचे त्याच्यामागे.

वीस मासे मात्र सोडले नाहीत. पाण्यात चार बांबूंना बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, म्हणजे हाप्यात ठेवले. चारशेंपैकी प्रवासाने किती दगावतात हे तळ्यात कधीच कळत नाही, मेलेला मासा बहुतेक वेळा तळाशी जातो किंवा पाणकावळा नेतो. हाप्यातल्या विसांवरून अंदाज येतो.

मत्स्यशेती करणारा माणूस हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली सोडतो. आमचं तळं सव्वा हेक्टरला थोडं कमी. तिथे आम्ही लहानमोठे मिळून दीड हजारावर थांबतो. वर्षभरात जेवढे घटले तेवढेच नवे येतात.

सकाळी ९

गळवाले जमायला लागले. शनिवारी बारा जागा, तेराव्याला मी नाही म्हणतो. त्यांत आज आयटीतली चार मुलं, एक वडील आणि त्यांची दहाएक वर्षांची मुलगी, आणि काचीगुड्याचे आमचे काका. काका सत्तरीचे, लहानपणी हुसेनसागरच्या काठावर गळ घेऊन बसलेले. १५६० च्या दशकात इब्राहिम कुतुबशाहाच्या काळात बांधलेला तो तलाव त्यांच्या डोळ्यांदेखत सांडपाण्याने नासला. त्याविषयी ते फारसं बोलत नाहीत. इथे आले की आधी पाण्याचा वास घेतात.

प्रत्येकाचा गळ मी हातात घेऊन बघतो. टोकामागचा उलटा काटा पकडीने चेपलेला हवा. चेपला की मासा क्वचित सुटतो, पण गळ काढताना ओठ फाटत नाही. आमिष माणशी एक किलो. शेंगदाण्याची पेंड, ब्रेड, बेसन, बडीशेप, ओवा, ज्याची त्याची गुपितं. उरलेलं पाण्यात ओतायचं नाही, खताच्या खड्ड्यात टाकायचं. बारा माणसांनी दोन दोन किलो पेंड पाण्यात सोडली तर तळाशी कुजून ती रात्रीचा प्राणवायू खाते.

दहाच्या सुमारास त्या मुलीच्या काठीला ओढ लागली. वडील पुढे सरसावले, तिने ‘मीच’ म्हटलं. बारा मिनिटं लागली. गाठी नसलेल्या रबरी जाळीत कटला आला तेव्हा आधी तिला हात ओले करायला सांगितले. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा हे त्याचं कवच. कोरड्या हाताने, गरम फरशीवर ते निघून जातं आणि आठ दिवसांनी तिथे बुरशी धरते. ओल्या गादीवर कटला ठेवला, गळ काढला. “तू श्वास रोखून धर,” मी तिला म्हटलं, “तुला सोडावासा वाटेल तेव्हा तोही पाण्यात गेला पाहिजे.” तिने गाल फुगवले. झोळीत वजन, ६ किलो ४००. एक फोटो. मग तिने त्याला पाण्यात दोन्ही हातांवर धरून ठेवलं, कल्ले लयीत हलायला लागले, शेपटीचा एक फटका बसला आणि तिचा सदरा भिजला. तिने श्वास सोडला तो त्यानंतर.

पवईच्या तळ्यावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे जुने सभासद मासा कसा हाताळतात ते मी तरुणपणी पाहिलं होतं. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी महाशीरची पैदास चालवली, तेही पाहून आलो. गळ टाकणारा माणूस पाण्याचा राखणदार होऊ शकतो, हे मला या दोन ठिकाणी कळलं.

सकाळी ११.३०

खाद्याची वेळ. आज खाद्य नाही. भाताचा कोंडा आणि पेंड समसमान, माशांच्या एकूण वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, हे आमचं नेहमीचं माप. ढगाळ दिवशी निम्मं, आणि पहाटेचा आकडा साडेतीनच्या खाली असेल तर काहीच नाही. आयटीतल्या एका मुलाने विचारलं, मासे उपाशी राहणार? राहतील. एक दिवस उपाशी राहून मासा मरत नाही.

भरल्या पोटी मात्र मरतो. सहा वर्षांपूर्वी श्रावणात मी स्पर्धा ठेवली होती. प्रत्येकाला मासा लागावा म्हणून नेहमीच्या दुप्पट मासे सोडले, ते पुष्ट दिसावेत म्हणून दोन वेळा खाद्य चालू ठेवलं. पाच दिवस आभाळ भरलेलं होतं. एरेटर तेव्हा एकच, आणि त्या रात्री तीन तास वीज नव्हती. पहाटे बांधावर आलो तेव्हा पाणी पांढरं दिसत होतं. ती माशांची पोटं होती. आम्ही १४३ मोजले, चुना घालून पुरले. त्यात एक रोहू होता, डाव्या कल्ल्यावर खूण असलेला, काकांनी चार वर्षांत तीनदा धरून सोडलेला. काकांनी तो स्वतः उचलला. चूक सर्वस्वी माझी होती. स्पर्धा त्यानंतर कधी ठेवली नाही, आणि जनित्र त्याच महिन्यात आणलं.

दुपारी १.३०

जेवण. ज्वारीची भाकरी, गोंगुऱ्याची भाजी, ताक. अण्णांच्या घरी उद्या बोनालुचा सण, ते दुपारनंतर सुट्टी घेतील.

दुपारी ३

पाण्याचा पीएच पाहिला, ८.६. दुपारी तो चढतोच, शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. नऊच्या वर गेला तर पाण्यातला अमोनिया विषारी रूप घेतो, म्हणून आज चुना टाकायचा बेत रद्द.

काकांनी हाक मारली. त्यांच्या गादीवर दोन किलोंचा रोहू, पोटाच्या पराशी खवल्यांवर काहीतरी सरकत होतं. मसुरीच्या डाळीएवढं, चपटं, जवळजवळ पारदर्शक, दोन काळे डोळे. माशांची ऊ. मी चिमट्याने तीन काढल्या, त्याखाली लाल ठिपके. रोहू लगेच पाण्यात सोडला.

औषधाची बाटली खोलीत आहे, पण ती मी सहसा उघडत नाही. शेवाळाखालोखाल पाण्यात जे बारीक जीव आहेत, ज्यांच्यावर कटला जगतो, त्यांनाही ते मारतं. ही ऊ अंडी घालायला पाण्याबाहेर पडत नाही, पण माशाला सोडून कुठल्यातरी टणक पृष्ठभागावर जाते. म्हणून लाकडी फळ्या दोरीने बांधून कडेला पाण्यात सोडायच्या. आठवड्याने वर काढल्या की त्यांवर बोटाने खरवडता येतील अशा अंड्यांच्या ओळी दिसतात. फळ्या वाळवायच्या, परत सोडायच्या. अण्णांनी जायच्या आधी दहा फळ्या बांधून दिल्या. वाळवायला ऊन कधी मिळेल ते आभाळाकडे बघून दोघांनाही कळत नव्हतं.

संध्याकाळी ५.३०

पाणकावळे आले, सोळा. वीतभर मासा त्यांना अजूनही झेपतो. पाण्यावर दोऱ्या ताणल्या आहेत, त्यावर जुन्या चमकत्या फिती. कडेला झुडपांचे भारे बुडवून ठेवले आहेत, लहान मासे त्यात घुसतात. एवढं केल्यावर जे नेतील ते त्यांचं. पाहुणे निघाले. वहीत दिवसाचे मासे: बारा माणसं, २३ मासे, एक जखमी. काका जाताना म्हणाले, “पाण्याला आज हिरवा वास जास्त येतोय रे.” मी मनगटावरची चार बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी ७

बाटली भरली. साका सकाळपेक्षा गडद, पण ५.४. ऊन असतं तर या वेळी प्राणवायू आठच्या पुढे असता. रात्रभरात किती उतरेल याचा हिशेब वहीत मांडला. एरेटर दोनला चालू करावे लागतील. जनित्रात डिझेल पाहिलं, पट्टा पाहिला. तेवढ्यात पावसाचे थेंब पडायला लागले आणि लगेच थांबले.

रात्री १०

बॅटरी घेऊन हाप्यापाशी. जाळी हळूच एका बाजूने उचलत गेलो तसे मासे दुसऱ्या बाजूला जमले. मोजले. एकोणीस. परत मोजले. विसावा जाळीच्या घडीत आडवा होता. हातात घेतला, कल्ले फिके पडलेले, उजव्या बाजूला चार खवले उडालेले आणि खाली जाळ्याचा वळ. टेंपोतून काढताना आमच्याच हातजाळ्याने झालेली जखम. विसात एक, म्हणजे चारशेंत वीसएक जातील.

वहीत लिहिलं: हातजाळं बदलणे, बिनगाठीचं आणणे. गजर दोनचा लावला.